एक्केचाळीस घरे, अकरा जनावरे

माझ्या डोक्यात पत्त्यांचा एक अख्खा कॅट ठरावीक क्रमाने बसलेला आहे. पहिली चौकटची सत्ती, दुसरा इस्पिकचा राजा, तिसरी बदामची तिर्री, असे करत बावन्नावी किलवरची पंजी. सदतिसावा पत्ता कोणता, असे कोणी झोपेतून उठवून विचारले तरी मी इस्पिकची अठ्ठी म्हणून सांगेन. मुलांच्या जन्मतारखा मात्र मला पत्नीला विचाराव्या लागतात. तिला याचा राग येतो आणि तो रास्त आहे.

हा क्रम मी अमरावतीला शिकलो. तिथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. त्या काळी गावातले सगळे फोन आमच्या हातून जोडले जात. गिऱ्हाइकाने हँडल फिरवले की बोर्डावर त्याच्या नंबरची पितळी झाकणी खाली पडे. मग कोणता नंबर हवा ते विचारायचे आणि दोरीचे टोक त्या भोकात खुपसायचे. सहा महिन्यांत मला दोनशे नंबर पाठ झाले. व्हावेच लागले, कारण लोक नंबर सांगतच नसत. "जिनवाल्या शेठले लाव," एवढेच म्हणत.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीचे एक ऑपरेटर बसत. त्यांना सगळे काका म्हणत. ते पत्त्यांची जादू करीत. कोणीतरी कॅटमधून एक पत्ता ओढायचा, छातीशी धरायचा, आणि काका छताकडे पाहत तो कोणता ते सांगायचे. मी चार वेळा पाहिले. पाचव्या वेळी म्हणालो, "काका, तुमच्या पत्त्यांवर खूण नाही. तुम्ही काहीतरी मोजता."

"काय मोजतो?"

"ते नाही समजले. पण तुमचे ओठ हलतात."

काकांनी पत्ते खाली ठेवले. "इतक्या वर्षांत लोकं माहे हातच पाहून राहिले. ओठ पाह्यणारा तूच पयला. रविवारी घरी ये."

युक्ती सांगायला पाच मिनिटे लागली. पत्ते आधीच एका क्रमाने लावलेले असतात. पिसल्यासारखे करायचे, पण क्रम मोडू द्यायचा नाही. समोरच्याने कितीही वेळा काटले तरी क्रम गोल फिरतो, तुटत नाही. पत्ता जिथून ओढला गेला तिथे कॅट दुभंगायचा, वरचा भाग खाली घ्यायचा आणि तळाचा पत्ता चोरून पाहायचा. त्याच्या पुढचा पत्ता समोरच्याच्या हातात असतो. सगळा खेळ पाठांतराचा.

पाठ करायला मात्र मला चाळीस दिवस लागले. काकांनी पद्धत सांगितली होती. "नवं काही पाठ करू नको. जे पाठ हाय त्याले पत्ता बांध." मला बोर्ड पाठ होता. नंबर एक सरकारी दवाखाना, म्हणून दवाखान्याच्या सात खिडक्या मी मनात लाल रंगवल्या. नंबर दोन कचेरी. तिथल्या खुर्चीत काळा राजा बसवला. रोजच्या चुका वहीत मांडत गेलो. पहिल्या पूर्ण फेरीत बावन्नपैकी चौदा चुकले, चाळिसाव्या दिवशी एकही नाही.

मग काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हे कोणालाही सांगायचे नाही, लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. मी शब्द दिला. दुसरी, लोक विचारतील कसे केले, तर काही बोलायचे नाही, नुसते हसायचे. ही दुसरी गोष्ट मला फार आवडली. मला खोटे बोलता येत नाही. मी मन ओळखतो, मला सिद्धी आहे, असे मी कधीच म्हणू शकलो नसतो. गप्प राहण्यात खोटे काही नाही, असे मला त्या वेळी वाटले आणि पुढची नऊ वर्षे वाटत राहिले.

त्यानंतर लग्न झाले, मुले झाली, अकोल्याला बदली झाली. आम्ही सहा बिऱ्हाडे एका अंगणाभोवती राहत होतो. शेर जाऊन लिटर आले होते, पण दूध घालणारी मावशी अर्धा लिटर मोजतानाही "घ्या अर्धा शेर" म्हणायची. ती विधवा होती. तिचा मुलगा आदल्याच्या आदल्या कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला गेला होता. गल्लीतले चौघे गेले, तिघे परतले. नदीवर आंघोळीला उतरेपर्यंत तो बरोबर होता, असे एक म्हणे. दुसरा म्हणे, नंतर मूर्तिजापूर स्टेशनात पाठमोरा दिसला. सतरा महिने झाले होते. घरात मावशी आणि एकोणीस वर्षांची सून.

गुढीपाडव्याच्या दुपारी अंगणात सगळे जमले होते. शेजाऱ्यांनी आग्रह केला म्हणून मी पत्ते काढले. सात जणांचे पत्ते ओळखले, सातही बरोबर. मावशी पुरणपोळी न्यायला आली होती, ती भिंतीशी उभी राहून बघत होती. "कसं जी ओळखता?" असे कोणीतरी विचारले. मी नेहमीप्रमाणे हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दूध घालायला आली, पण माप हातात धरून तशीच थांबली.

"बाबूजी, एक माह्यासाठी काढा."

"काय काढू, मावशी?"

"माह्या पोराचं इचारा पत्त्यायले. कुठी हाय, एवढंच." मी काही बोलण्याआधीच तिने पुढे सांगितले, "तुमी तर तारेवर साऱ्या मुलखाशी बोलता. मुंबई, नागपूर, कुठी कुठी. वरून काल सात जणायच्या हातातलं सांगितलं. मंग माह्या एका पोराचं काहून नाई समजणार?"

मी म्हणालो, "मावशी, मला माहीत नाही."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला ते सहन होईना. मी भराभर सांगून टाकले की ही जादू वगैरे काही नाही, पाठांतर आहे, पत्त्यांना काही कळत नाही. काकांना दिलेला शब्द अर्धा तिथेच मोडला.

"हो जी," ती हळूच म्हणाली. "तसंच सांगा लागते." दूध मोजले आणि गेली. मी खरे बोललो, विषय संपला, असे समजून मीही आत आलो.

चौथ्या दिवशी पत्नी दुधाचे पातेले हातात घेऊन घाईने माझ्याकडे आली. ती अकोटची, बोलण्यात आडपडदा नाही. "आवो, तुमी मावशीले काय सांगितलं? ते म्हणते, अखजीले पोराच्या नावाची घागर भरतो."

अक्षय तृतीयेला आम्ही अखजी म्हणतो. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि त्यांना जेवू घालतात. ज्याच्या नावाची घागर भरली तो गेलेल्यांत धरला गेला. म्हणजे सुनेच्या हातातल्या बांगड्या उतरणार.

"मी खरे तेच सांगितले," मी म्हणालो. "मला माहीत नाही म्हणालो."

पत्नीने कपाळावर हात मारला. "तुमी ऑपरेटर ना? ‘माहीत नाही’ म्हंजे काय, हे तुमाले माहीत नाई?"

मला माहीत होते. गावाकडून कोणी गेल्याचा ट्रंक कॉल येई, तेव्हा "गेले" असे कोणीच म्हणत नसे. "तब्येत जास्त आहे, असाल तसे निघा," असे सांगत. इकडच्याने घसा खरवडून विचारले, "पण आहेत ना?" तर तिकडून येई, "नक्की माहीत नाही बावा, तुमी या." असे कॉल मी शेकड्यांनी जोडले होते. मावशीचा नवरा गेला तेव्हाही तिला असेच सांगून आणले होते. शिवाय लाइनवर ऐकलेले बाहेर बोलायचे नाही हा आमच्या नोकरीचा नियम, तो गल्लीत सर्वांना ठाऊक. म्हणजे बाबूला कळले आहे, पण त्याला बोलायची मनाई आहे, म्हणून तो पाठांतराचे काहीतरी सांगतो आहे. तिने हा सरळ हिशेब केला, आणि तिच्या जागी मी असतो तरी माझे उत्तर तेच आले असते.

"पण मी पाडव्याला काही खोटे बोललो नव्हतो," मी म्हणालो.

"तुमी हसून गप्प बसले नं," पत्नी म्हणाली, "तेच खोटं."

त्याच सकाळी मी मावशीला रस्त्यात गाठून ओट्यावर आणून बसवले. कॅट घेऊन सगळे सावकाश दाखवले. इथे दुभंगायचे, हे खाली घ्यायचे, तळ पाहायचा. तिने नीट पाहिले.

"तुमी करता ते दिसते," ती म्हणाली. "पण तुमी करता म्हून होते. दुसऱ्याच्यानं होईन का?"

तिला पटवण्याचा एकच मार्ग राहिला होता. मी विचारले, "तुमच्याच्यानं झाले तर?"

तिचे डोळे लकाकले. "मंग म्याच इचारतो त्याईले."

या वेळी मी गप्प राहिलो नाही. म्हणालो, "ते काही सांगणार नाहीत."

"पाहू."

अखजीला सत्तावीस दिवस होते. पत्ते बावन्न. रोज दोन धरले तर सव्वीस दिवस, एक दिवस हाताशी. काकांना दिलेल्या शब्दाचा विचार करायला एखादा दिवस घेतला असता तर तो एकुलता दिवसही गेला असता, म्हणून त्या दिवशीच सुरुवात केली. तिला अक्षरओळख नव्हती, पण ठिपके मोजता येत आणि चित्रे ओळखता येत. प्रश्न होता, पत्ते बांधायचे कशाला? माझा बोर्ड तिच्या काही कामाचा नव्हता.

"मावशी, रतीब किती घरांचा?"

तिने बोटांच्या पेरांवर मोजले. एक्केचाळीस. एकही कुठे लिहिलेले नव्हते, आणि सहा वर्षांत कोणाचे अर्धे नि कोणाचे एक यात फरक पडला नव्हता. आमचे घर शेवटचे, एक्केचाळिसावे. अकरा कमी पडत होते.

"अकरा तर माही जनावरंच हायत," ती म्हणाली. "रतीब झाला की घरी. मंग दावणीले वळीनं अकरा."

एवढी बिनचूक बेरीज मला नोकरीतही क्वचित भेटली.

त्यानंतर रोज सकाळी, सगळी घरे उरकून ती आमच्या ओट्यावर टेकायची. पाच-सात मिनिटे पुरत. ऊन चढायच्या आत तिला घरी पोहोचावे लागे. मी पत्ता दाखवायचा, तिने घर सांगायचे. दुसरे घर एका ठेकेदाराचे. तिथे इस्पिकचा राजा हे ऐकून ती म्हणाली, "बरोबर हाय. काळाच हाय तो." तिसरे मास्तरांचे, बदामची तिर्री. "तिघी पोरीच हायत त्याईले." अकराव्या घरी किलवरची राणी आली. "हे तर हुबेहूब! हातात देवाचं फूल घेऊनच दार उघडते, अन् दुधात पाणी हाय म्हनते." आमच्या घराच्या वाट्याला इस्पिकचा गुलाम आला. ती तोंडाला पदर लावून हसली. पत्नी आतून जास्त वेळ हसत होती.

मी वही ठेवली होतीच. दहाव्या दिवशी वीसपैकी तीन चुका. अठराव्या दिवशी छत्तीसपैकी चार, आणि तेव्हा घाबरलो, कारण आदल्या दिवशी दोनच होत्या. चुकलेल्यांत अठरावा आणि एकोणिसावा पत्ता होता. चौकटची नव्वी आणि बदामची छक्की ती अदलाबदल करून सांगत होती, तीही अगदी ठामपणे. दोन दिवस समजावले, तरी तसेच. अखेर विचारले, "मावशी, अठरावे घर कोणाचे?"

"धाकल्याचं."

"परवापर्यंत थोरल्याचे होते ना?"

"हो जी. पण धाकल्याची बाई बाळंत झाली. तिले सकाळी पयले दूध लागते. मंग म्या फिरवलं."

दोघे भाऊ शेजारी राहत. तिने रतीब बदलला, तेव्हा त्या दोघांच्या घरातले पत्तेही आपापल्या घराबरोबर फिरले. तिच्या बाजूने काहीच चुकले नव्हते. मी सांगितले, दूध द्या पाहिजे तसे, पत्त्यांसाठी मात्र जुनीच वाट चाला. ते तिला अवघड गेले. पायाला नवी वळणे लागली होती.

अखजीच्या आदल्या दिवशी ती सुनेला घेऊन आली. मीच सांगितले होते की पत्ता अशा माणसाने ओढायचा, ज्याला यातले काही माहीत नाही. सून दुधाचा दुसरा डबा घेऊन आली होती. मनगटापासून हिरव्या बांगड्या. सासू काय खेळ करते आहे, हे तिला कळत नव्हते. उद्याच्या घागरीबद्दल तिला काही सांगितलेले नव्हते.

मावशीने कॅट पसरला. बोटे माझ्यासारखी चालत नव्हती, पण आता अडखळतही नव्हती. सुनेने मधला एक पत्ता ओढला, पाहिला आणि पदराखाली धरला. मावशीने कॅट दुभंगला, वरचा भाग खाली घेतला, तळाकडे नजर टाकली. मी शेजारीच होतो, मलाही दिसला. किलवरचा एक्का, सतरावा. म्हणजे पुढचा अठरावा. दोघा भावांचीच घरे.

ती थांबली. तिचे ओठ हलत होते. कोणत्या दारावरून कोणत्या दारावर ती जात होती, ते मला दिसत होते आणि मला एक अक्षर बोलायची सोय नव्हती.

"पयले थोरला," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "चौकटची नव्वी."

सुनेने पत्ता काढला. चौकटची नव्वी. ती सासूकडे अशी पाहू लागली, जशी पाडव्याला सगळी बिऱ्हाडे माझ्याकडे पाहत होती.

"आत्याबाई, तुमाले कसं समजलं?"

मावशी हसली. काही बोलली नाही.

सून एकदम पुढे सरकली. "मंग सांगा नं. ते कुठी हायत? सुखी हायत नं?"

मावशीचे हसू तिथेच थांबले. तिने हातातल्या पत्त्यांकडे पाहिले. त्यांना विचारायचे म्हणूनच ती सव्वीस दिवस शिकली होती. त्यांनी काय सांगितले ते तिला दिसतच होते. सतरावे घर आणि अठरावे घर.

"मले नाई माहीत, पोरी," ती म्हणाली.

सुनेचा चेहरा पांढरा पडला. मी तो चेहरा महिन्याभरापूर्वी दारात पाहिला होता. मावशीने तो आत्ता पहिल्यांदा समोरून पाहिला. ती घाईने म्हणाली, "तसं पाहू नोको. नाई माहीत म्हंजे खरंच नाई माहीत, बाई. इकडं बस. घरं मोजतो मी, घरं! पयलं घर नर्सबाईचं, तिथं लाल सत्ती. दुसरं ठेकेदाराचं..." आणि तिथेच ओट्यावर सुनेला शेजारी बसवून तिने एकेक पत्ता मांडत सगळा रतीब सांगितला. एक्केचाळीस घरे झाली, मग दावण. सून तिसऱ्या म्हशीपाशी हसू लागली, मग रडू लागली. मावशीने तिचे डोळे पुसले आणि उरलेली जनावरे पुरी केली.

उठताना ती माझ्याकडे वळली. "बाबूजी, तुमी त्या दिवशी खरंच सांगत होते जी."

"हो."

"मंग मयताले आल्यासारखं तोंड करून काहून सांगितलं?"

मी पत्ते गोळा करू लागलो.

दुसऱ्या दिवशी पत्नी तिच्याकडे जाऊन आली. घागरी दोन होत्या, एक मावशीच्या सासऱ्याच्या नावाची, एक तिच्या नवऱ्याच्या; मुलाच्या नावाची नव्हती. मी दोनदा विचारले. दोनच.

काकांना मी कार्ड लिहिले: शब्द मोडला, कारण असे, क्षमा असावी. आठ दिवसांनी उत्तर आले. "मोडला तो मोडला. बाईच्या शेवटी चुका किती झाल्या, ते कळव." मी कळवले, एकही नाही. त्यांनी उलट टपाली विचारले की ओठ हलतात का. हलतात, असेही मी लिहिले.

तेव्हापासून पत्ते काढले की मी आधीच सांगून टाकतो, हे पाठांतर आहे, यात दुसरे काही नाही. त्यामुळे मजा थोडी कमी होते. लोक तरीही पाहतात.

पुढच्या दोन अखजी आम्ही अकोल्यातच होतो. त्या दोन्ही वर्षी घागरी दोनच होत्या. मग पुन्हा अमरावतीला बदली झाली. ही गोष्ट कोणाला सांगितली की शेवटी एकच प्रश्न येतो, तो मुलगा परत आला का? मी म्हणतो, मला माहीत नाही. आमच्याकडे या शब्दांचा अर्थ लोक कसा लावतात ते मी वर सांगितलेच आहे. म्हणून तोंड शक्य तेवढे सरळ ठेवून पुन्हा सांगतो, की आम्ही अकोला सोडले त्या सकाळपर्यंत तो आला नव्हता, त्याच्याबद्दल वाईट असे काही कळले नव्हते, आणि मावशीचा रतीब एक्केचाळीस घरांचा होता. त्यापुढचे मला खरोखरच माहीत नाही.